गुरुवारची नोंद

सोमवार, महिन्याची नऊ तारीख, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. स्थळ, शहरातल्या एका दैनिकाचा तिसरा मजला, पुरवणी विभागाची खिडकीकडची खोली. या वेळी आणि या ठिकाणी अठ्ठावन्न वर्षांचा एक व्हायोलावादक एका चिठ्ठीची पुढची बाजू चार वेळा वाचून झाल्यावर ती उलटी करून तिची कोरी बाजू वाचीत उभा होता.

"सर, मागे काही लिहिलेलं नाहीये," पुरवणीची संपादिका म्हणाली.

"दिसतंय."

"मग?"

"पुढचं मागून समजतंय का बघतो."

संपादिकेने मान हलवली आणि ती आपल्या पडद्याकडे वळली. या माणसाशी सोमवारी सकाळी वाद घालू नये, हे ती दोन वर्षांत शिकली होती.

तो नगर वाद्यवृंदात चोवीस वर्षे व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडे मोठे आणि खालच्या सुरातले, सहसा कोणाच्या लक्षात न येणारे वाद्य वाजवीत होता, आणि त्यांपैकी एकोणीस वर्षे दर बुधवारी या दैनिकात 'आठवडा ऐकण्याचा' हे सदर लिहीत होता. गुरुवार ते बुधवार, दिवसाला एक मैफल, मैफलीला साठ शब्दांच्या आसपास एक नोंद, आणि खाली सही 'एक वादक'. वाद्यवृंदातले लोक त्याला 'वेळापत्रक' म्हणत. त्याला ते नाव मनापासून आवडे, कारण वेळापत्रक वाचून लोक घराबाहेर पडतात. समीक्षा वाचून पडतातच असे नाही.

सदराचे नियम तीन होते. ते त्याने स्वतःच घालून घेतलेले असल्यामुळे कोणाकडे जाऊन सवलत मागण्याची सोय नव्हती. तालीम ऐकल्याखेरीज लिहायचे नाही. कोठे बसावे हे सांगितल्याखेरीज नोंद संपवायची नाही, कारण वाईट खुर्चीवर बसून ऐकलेले चांगले वादन हे त्याच्या मते वाईट वादनापेक्षाही अधिक नुकसानकारक होते. आणि नात्यातल्या माणसाविषयी एक अक्षर लिहायचे नाही. नदीकाठच्या गोदामातला गायकवृंद ऐकायचा तर डाव्या खांबाला पाठ लावून. बागेतला बॅन्ड ऐकायचा तर वारा आपल्याकडे येत असेल त्या बाजूला. हॉटेलच्या तळघरातले त्रिकूट ऐकायचे तर बर्फाच्या यंत्रापासून निदान चार टेबले दूर. वाचक हे सगळे पाळीत. गोदामातल्या डाव्या खांबाचा रंग आता पाठीच्या उंचीवर उडाला होता.

हातातली चिठ्ठी सार्वजनिक ग्रंथालयाकडून आली होती. गुरुवार, सायंकाळी साडेपाच, वरचे सभागृह, एकल पियानो. तालीम मंगळवारी अकरा वाजता. आणि वादकाचे नाव. ते नाव व आडनाव याच क्रमाने त्याने एकतीस वर्षांपूर्वी एका लग्नपत्रिकेवर आपल्या नावाशेजारी छापलेले पाहिले होते. ते त्याच्या बायकोचे माहेरचे नाव होते.

"ओळखीच्या आहेत का?" संपादिकेने न वळता विचारले.

"या नावाची एक बाई मी ओळखतो."

"चांगल्या वाजवतात?"

"मुलांना शिकवते."

"म्हणजे वाजवतातच की, सर."

"तसं म्हणता येणार नाही," तो म्हणाला. हे उत्तर देताना आपण पूर्ण सत्य बोलत आहोत की निव्वळ बचाव करीत आहोत, याचा त्याला निर्णय करता येईना.

"बरं. उद्या दुपारी दोनपर्यंत मजकूर द्या हं. मागच्या वेळी सव्वादोन झाले, खालच्या छापखान्यातल्या लोकांनी मला कच्चं खाल्लं."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बाहेरच्या खोलीत शिकवणी चालू होती. आठ वर्षांची एक मुलगी पियानोवर बोटे आपटत होती आणि त्याची बायको शेजारच्या स्टुलावर बसून लाकडी पट्टीने मांडीवर मात्रा मोजत होती. "एक, दोन, तीन... कुठे पळतेस? गाडी सुटतेय का तुझी? तीन, चार." तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिच्या हातांकडे पाहू लागला. पट्टीचा ठोका घड्याळाइतका नेमका पडत होता.

मुलगी गेल्यावर तिने झाकण लावले.

"काय रे, एवढं काय बघतोयस? भिंतीला भोक पडलंय का?"

दोघे एकाच संगीतशाळेत एकाच वर्गात होते. त्यामुळे त्यांच्यात लग्नाआधीपासून अरे-तुरेच होते.

"काही नाही. उद्या काय करणार आहेस?"

"मंगळवार ना? लायब्ररीत जाऊन येईन. पुस्तकं बदलायचीत."

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी, म्हणजे वाद्यवृंदाच्या तालमीच्या दोन्ही दिवशी, ती ग्रंथालयात जात असे. हे गेली पाचसहा वर्षे चालू होते. त्यात विचारण्यासारखे काही आहे असे त्याला आजवर वाटले नव्हते. आज मात्र तिने स्टुलावर ठेवलेले जाड पुस्तक त्याने सहज उघडून पाहिले. खुणेची फीत अकराव्या पानावर होती.

तिने शेवटचे सार्वजनिक वादन केले त्याला सव्वीस वर्षे झाली होती. पुढे ती घरी वाजवीत असे, आणि तो स्वयंपाकघरातून किंवा दाढी करताना मोठ्याने सांगत असे, "तिसरी मात्रा!" किंवा "घाई होतेय!" तो रागावून सांगत नसे; त्याच्या समजुतीप्रमाणे ही मदत होती, आणि दोन वादकांच्या घरात तिला मोल असायला हवे होते. ती उत्तर देत नसे. कधी तरी झाकण लागल्याचा आवाज येई. हळूहळू ती तो घरात असताना वाजवीनाशी झाली, आणि आणखी काही वर्षांनी तिचे वाजवणेच संपले असे त्याने गृहीत धरले. गृहीत धरण्याला पुरावा नव्हता. पण उलट पुरावाही नव्हता.

मग सरळ विचारावे की नाही? जेवताना त्याने दोन्ही बाजू मनाशी मांडून पाहिल्या. वादक तीच असेल, तर तिने ही गोष्ट जाणूनबुजून लपवली आहे. विचारणे म्हणजे तिच्या हातून ती हिसकावून घेणे. ती नसेल, तर विचारणे म्हणजे 'तुझ्याच नावाची दुसरी कोणी तरी अजून वाजवते' असे तिला ताटावर वाढणे. दोन्ही प्रकारे विचारणे गैर ठरत होते. न विचारण्यातही अडचण होतीच. ती असेल तर तिसऱ्या नियमाप्रमाणे गुरुवारची नोंद गाळली पाहिजे; ती नसेल आणि नोंद गाळली, तर एका निरपराध परक्या बाईचे सभागृह आपल्यामुळे रिकामे राहणार. म्हणजे लिहावे तरी चूक, न लिहावे तरी चूक, आणि कोणती चूक हे ठरवायला जी एक माहिती हवी, ती समोर बसून शांतपणे जेवत होती.

"मीठ जास्त झालंय का?" तिने विचारले.

"नाही. का?"

"मग तोंड असं का केलंयस?"

मंगळवारी सकाळी त्याने चोवीस वर्षांत प्रथमच तालीम अर्धी सोडली. वाद्यवृंद-संचालकाजवळ जाऊन त्याने पोटात दुखत असल्याचे सांगितले.

"जा, जा," संचालक म्हणाला. "एक व्हायोला कमी झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं, तर मी स्वतः फोन करून कळवतो तुला."

मागून हसण्याचा आवाज आला. फोन आला नाही.

ग्रंथालयाचा जिना चढून तो वर गेला तेव्हा सभागृहाच्या दाराशी तिथला शिपाई खुर्च्यांच्या थप्पीवर हात टेकून उभा होता. आतून पियानोचा एकही स्वर येत नव्हता.

"आत नाही जाता येणार, साहेब. बाईंनी सांगितलंय."

"मी दर वेळी येतो. सदरासाठी."

"माहितेय ना. म्हणूनच सांगितलंय. म्हणाल्या, कुणालाच सोडू नका, आणि वर्तमानपत्रवाले आले तर त्यांना मुळीच सोडू नका."

त्याने बंद दाराकडे पाहिले.

"कशा आहेत दिसायला?"

"कोण?"

"बाई."

"बाईंसारख्या." शिपायाने त्याच्याकडे संशयाने पाहिले.

"म्हणजे वय वगैरे..."

"विचारलं नाही बुवा मी. तुम्ही विचारता वाटतं बायकांना? धाडस आहे."

"नेहमी येतात इथे?"

"साहेब, इथे सगळेच नेहमी येतात. लायब्ररी आहे."

तो खाली उतरला, इमारतीला वळसा घालून मागच्या आवारात आला आणि सायकली लावण्याच्या जागी सभागृहाच्या खिडकीखाली उभा राहिला. दोन कर्मचारी तिथे जुनी मासिके गठ्ठ्यांत बांधीत होते. पाचेक मिनिटांनी वर पियानो वाजू लागला.

या शहरातला कोणताही वादक आपण तीन मात्रांत ओळखतो, असे तो म्हणत असे, आणि ती बढाई नव्हती; वाद्यवृंदातल्या पैजा त्याने या कानांवर जिंकल्या होत्या. म्हणून तो आधी तीन मात्रा ऐकून थांबला. मग बारा ऐकल्या. मग संपूर्ण रचना. डावा हात जड होता. हे कोणाचेही असू शकते. शेवटच्या वेगवान भागात सूर लांबवणारे पेडल जास्त पडत होते. हे तर निम्म्या शहराचे. पण मधल्या संथ भागात स्वरावली वर चढत चढत शेवटच्या स्वराशी आली की ही बाई थांबत होती. अगदी किंचित थांबत होती. आणि त्या थांबण्यात मात्रा मोडत नव्हती, उलट पुढचा स्वर कोठे पडणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळून पुन्हा नवे वाटत होते. गठ्ठे बांधणाऱ्या दोघांपैकी एकाने दोरी तशीच धरून वर पाहिले.

त्याची बायको थांबत नसे. हे त्याला निश्चित माहीत होते. पट्टीचा ठोका कालच त्याने ऐकला होता. 'गाडी सुटतेय का' असे मुलांना विचारणारी बाई स्वतः फलाटावर अशी निवांत उभी राहणार नाही. शिवाय स्पर्श, शिवाय दोन रचनांमधली शांतता, शिवाय एकदा चूक झाल्यावर मागे न जाता पुढे जाण्याची पद्धत, यांतले काहीही त्याच्या घरातले नव्हते. एवढे पुरावे जमल्यावर निष्कर्ष टाळता येत नव्हता. एकाच नावाच्या दोन बायका एका शहरात असणे अशक्य नाही. असंभाव्य तर मुळीच नाही. ही दुसरी होती.

निष्कर्ष निघाल्यावर त्याला हायसे वाटायला हवे होते. ते वाटले, आणि त्याबरोबर आणखीही काही तरी वाटले. पण घड्याळात बारा वाजले होते आणि मजकूर दोनला द्यायचा होता. तिथेच, सायकलींच्या कठड्यावर कागद ठेवून, त्याने लिहिले:

'गुरुवार, सायंकाळी साडेपाच. सार्वजनिक ग्रंथालय, वरचे सभागृह. एकल पियानो. वादक आपल्या शहराला नवीन असाव्यात. डावा हात जड आहे आणि अखेरच्या भागात पेडलचा वापर थोडा आवरता आला असता. परंतु संथ भागात त्या ज्या रीतीने थांबतात, त्या रीतीने थांबणारा वादक प्रस्तुत लेखकाने येथे कित्येक वर्षांत ऐकलेला नाही. जरूर जा. पहिल्या तीन रांगा टाळा. शेवटच्या रांगेत, खिडकीच्या बाजूला बसा.'

"'जरूर जा'?" संपादिका कागदावरून मान वर करून म्हणाली. "सर, हे तुम्ही याआधी कधी लिहिलंय?"

"दोनदा."

"आणि त्या तुमच्या ओळखीच्या नाहीत?"

"नाहीत," तो म्हणाला.

बुधवारी सकाळी चहाच्या वेळी बायको सदर मोठ्याने वाचीत असे. ही एकोणीस वर्षांची रीत होती. ती स्वल्पविराम जास्त झाले की सांगे आणि तो प्रत्येक स्वल्पविरामाचे समर्थन करी. त्या सकाळी तिने चष्मा लावला आणि गुरुवारपासून सुरुवात केली. ती नेहमीच्याच आवाजात, न अडखळता, 'खिडकीच्या बाजूला बसा' पर्यंत वाचत गेली. तो कप हातात धरून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. चेहऱ्यावर चष्मा होता, एवढेच त्याला नंतर सांगता आले असते.

"डावा हात जड म्हणजे?" तिने विचारले.

"म्हणजे डाव्याचे सूर उजव्याला झाकतात."

"तिथला पियानो जुना आहे. खालची बाजू घुमते."

"असेल. पण वादकानं वाद्याचा अंदाज घ्यायला हवा."

"हं." तिने पान दुमडले. "'नवीन असाव्यात' कशावरून?"

"आजवर ऐकलं नव्हतं, त्यावरून."

"तू ऐकलं नाहीस म्हणजे नवीन?"

"एकोणीस वर्षं मी या शहरातलं सगळं ऐकतोय."

"हो, ते आहे," ती म्हणाली, आणि शुक्रवारची नोंद वाचू लागली. त्या नोंदीत एक स्वल्पविराम जास्त होता. तिने तो सांगितला नाही.

तिथला पियानो जुना आहे हे तिला कसे माहीत? पण ती आठवड्यातून दोनदा तिथे जाते, जाणाऱ्याला दिसणारच. मग ती घुमणारी खालची बाजू? ती ऐकल्याखेरीज कळत नाही. पण वादक कोणीही असो, वाचनालयात बसलेल्या माणसाला छतातून ती ऐकू येणारच. प्रत्येक शंकेला उत्तर मिळत होते आणि उत्तर मिळाल्यावर शंका होती तिथेच होती. दुपारी न्हाणीघरातून नखे कापण्याचा आवाज आला. पियानो वाजवणारी माणसे वादनाच्या आदल्या दिवशी नखे कापतात. पियानो शिकवणारी माणसे केव्हाही कापतात. ती रविवारी कापत असे. आज बुधवार होता. पण गेल्या रविवारी तिने कापली होती की नाही, हे काही केल्या त्याला आठवेना. एकतीस वर्षे एका घरात काढून आपल्याला इतके साधे सांगता येत नाही, ही गोष्ट त्याला मूळ शंकेपेक्षाही चमत्कारिक वाटली.

गुरुवारी चार वाजता तिने बूट घातले.

"मी जाऊन येते."

"कुठे?"

"लायब्ररीत."

ती दारात क्षणभर उभी राहिली. हातात पिशवी होती. पुस्तकांची असते तशीच, चपटी आणि जड. या वेळी एक प्रश्न पुरेसा झाला असता. त्याने दार उघडून धरले.

आपण तिच्या मागावर आहोत असे कोणालाही, विशेषतः आपल्याला, वाटू नये म्हणून तो पाऊण तास घरीच थांबला. सव्वापाचला ग्रंथालयाचा जिना चढताना त्याच्या लक्षात आले की जिन्यावर रांग आहे. वर दाराशी शिपाई घामाघूम झाला होता.

"काय लिहून ठेवलंत हो साहेब! शेवटच्या रांगेसाठी मारामारी चाललीये. एक आजोबा तर घरून घडीची खुर्ची घेऊन आलेत, म्हणतात खिडकीलाच बसणार. आणि पुढे बघा."

त्याने दारातून आत पाहिले. मागच्या रांगा खचाखच भरल्या होत्या. खिडकीच्या बाजूला लोक एकमेकांच्या मांड्यांना मांड्या लावून बसले होते, कोपऱ्यात दहाबाराजण उभे होते. पहिल्या तीन रांगा मात्र पूर्ण मोकळ्या होत्या. तीस खुर्च्या, आणि त्यांच्यापुढे सहा पावलांवर पियानो.

"बसा ना पुढे," शिपाई म्हणाला. "तुम्हाला कोण अडवतंय?"

साडेपाचला बाजूच्या खोलीचे दार उघडले आणि वादक बाहेर आली. तिने करडा पोशाख घातला होता, जो त्याने स्वतः एका वाढदिवसाला आणून दिला होता. तिने प्रेक्षकांकडे पाहिले नाही. स्टूल दोनदा फिरवून खाली घेतले, बसली, आणि हात मांडीवर ठेवून थांबली.

दारात उभ्या असलेल्या त्याला या क्षणी सर्व काही कळायला हवे होते. पुरावा आता समोर बसला होता. पण तिने सुरुवात केली आणि कळलेले पुन्हा विस्कटले. डोळ्यांना दिसणारी बाई त्याच्या घरातली होती. कानांवर येणारी मंगळवारची, खिडकीतली, परकी. दोघींना एकत्र बसवण्याचा त्याने प्रयत्न केला. संथ भाग आला, स्वर चढत गेले, ती थांबली, आणि मागच्या रांगांतले शंभरएक लोक तिच्याबरोबर थांबले. 'तिसरी मात्रा' असे शब्द त्याच्या तोंडात आपोआप तयार झालेले त्याला जाणवले, आणि त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

"साहेब, दार लावायचंय," शिपाई कुजबुजला. "आत की बाहेर?"

पहिल्या रांगेतली कोणतीही खुर्ची घेतली तरी ती तिच्या नजरेच्या टप्प्यात होती. तो मागे सरकला. दार लागले. उरलेली पन्नास मिनिटे तो जिन्याच्या वरच्या पायरीवर कठड्याला धरून उभा होता, आणि लाकडातून जे येत होते ते ऐकत होता. डावा हात जड होता. त्याने ते दोनदा तपासून पाहिले, जडच होता.

टाळ्या थांबल्यावर लोक बाहेर आले. खुर्ची घेऊन आलेल्या आजोबांनी तो कोण हे न ओळखता त्याच्या खांद्याला धक्का दिला आणि माफी न मागता ते निघून गेले. सर्वात शेवटी ती आली, हातात तीच पिशवी घेऊन. त्याला पाहून तिला आश्चर्य वाटल्याचे दिसले नाही. त्याने पिशवीसाठी हात पुढे केला. तिने ती दिली.

दोघे जिना उतरले. शिपाई वर खुर्च्या रचत होता, त्याचा आवाज खालपर्यंत येत होता. रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "पुढच्या बुधवारी दुरुस्ती देतो. नात्यातल्या माणसाविषयी मी लिहायला नको होतं."

"दे."

ती बोटे उघडमीट करीत चालत होती. दोघे चौकापर्यंत आले.

"दारात दिसलास मला," ती म्हणाली. "मग गेलास कुठे?"

"जिन्यावर होतो."

"आत का नाही बसलास?"

"मागे जागा नव्हती."

"पुढे होती की. तीन रांगा मोकळ्या होत्या."

"होत्या," तो म्हणाला. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पुढे बसवेना."

वाहने जाण्याची वाट पाहत दोघे कडेला उभे राहिले. तिने त्याच्याकडे पाहिले, आणि मग रस्त्याकडे.

"बरं केलंस," ती म्हणाली.